गिरणीवालीचं माहेरपण

न्हावऱ्यात एसटी स्टँडवरून गावात शिरलं की डाव्या हाताला अनिताची गिरणी लागते. पाटी पुसट झाली आहे, पण तिची गरज नाही. समोर लावलेल्या दुचाक्यांच्या सीटवर पिठाची पांढरी भुकटी असते, आणि उन्हाळ्यात तिथून जाणारा माणूस शिंकल्याशिवाय पुढं जात नाही. वर्षभर गहू, ज्वारी, बाजरी. आणि होळी झाली की शेजारच्या खोलीतलं मिरचीचं कांडप सुरू होतं. लोखंडी मुसळं धाडधाड आपटायला लागली की ऊन तापलं हे वेगळं सांगावं लागत नाही.

गिरणी सासऱ्यांनी घातलेली. ते थकले, नवरा मच्छिंद्र रांजणगावला कारखान्यात लागला, तेव्हा गिरणी मोडून जागा भाड्यानं द्यावी असं घरात बोलणं निघालं. अनितानं पदर खोचला आणि पट्टा चढवायला शिकली. मग गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी घालायला शिकली. पुढं पुढं मोटारीचा आवाज जरा बदलला तरी ती चुलीपुढून उठून यायची. कुणाला आपला गहू बाजरीवर दळलेला चालत नाही, कुणाला पीठ रवाळ लागतं, कुणाची सासू डबा घरी पोचताच पीठ चिमटीत धरून बघते, हे सगळं तिला तोंडपाठ झालं.

एक गोष्ट मात्र तिला कधी जमली नाही, ती म्हणजे गिरणी बंद ठेवणं. ताप आला तरी ती कानाला रुमाल बांधून उभी राहायची. दिवाळीतसुद्धा पाडव्याला सकाळी ओवाळणी आटोपली की शटर वर. तिचं माहेर खुटबाव, भीमेवरचा पूल ओलांडून मोटारसायकलनं तासाभरावर. पण भाऊबीजेला जायचं ते सकाळी आणि यायचं ते दिवे लागायच्या आत. तिची आई सरूबाई म्हणायची, "ही माझी लेक न्हाई, पाव्हणी बी न्हाई. ही पोस्टमन हाय."

त्यात दोन वर्षांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाला, मळ्याच्या रस्त्यावर, हरिबानं नवी गिरणी टाकली. हरिबाचं घराणं मेंढपाळांचं. त्याचा थोरला भाऊ अजून मेंढरं घेऊन फिरतो. हरिबा मात्र बायको म्हाळसाला घेऊन गावात स्थिरावला, थोडी जमीन घेतली आणि गिरणी उभी केली. भांडण असं दोन्ही घरांत कधी झालं नाही. पण लग्नाकार्यात समोरासमोर आले की अनिता पदर सावरून दुसरीकडं बघायची, आणि हरिबाही टोपी नीट करत दुसरीकडं बघायचा. गिरणी एक दिवस जरी बंद ठेवली तरी गिऱ्हाईक तिकडं जाईल, आणि एकदा तिकडची वाट पायाखाली पडली की परत येणार नाही, ही धास्ती अनिताच्या मनात घर करून बसली होती.

आणि अशात पप्पूचं लग्न ठरलं.

पप्पू म्हणजे अनिताचा धाकटा भाऊ. शेती बरी, स्वभाव गरीब, तीस कधीच ओलांडलेली. मुली बघून बघून घरच्यांच्या चपला झिजल्या होत्या. शेती करणारा म्हटलं की मुलीकडचे चहा संपायच्या आत उठायचे. शेवटी वरवंडच्या अनुपमानं त्याला होकार दिला. तिचं स्वतःचं ब्युटी पार्लर होतं हायवेला, आणि तिची अट एकच होती: लग्नानंतर पार्लर चालू राहील. पप्पू इतका हरखला की म्हणाला, पाहिजे तर मी शटर उघडून देत जाईन.

तारीख निघाली ती नेमकी मिरचीच्या भर हंगामातली. सरूबाईचा फोन आला तेव्हा अनिता नाकाला फडकं बांधून कांडपावर होती.

"करवली हायेस तू. एकुलती एक," आई म्हणाली. "मुहूर्तमेढीपासनं पूजेपातुर ऱ्हायाचं. सकाळी येऊन सांजच्याला जाणार आसशील तर आलीच न्हाईस तरी चालंल."

आईचा आवाज शेवटी जरा हलला. अनितानं फोन कमरेला खोचला आणि मुसळांकडं वळली. पण त्या दिवशी तिनं दोन जणींचे मसाले एकमेकींत मिसळता मिसळता वाचवले.

मच्छिंद्रनं सुट्टी टाकून गिरणी सांभाळायची तयारी दाखवली. पण तो नवरदेवाचा दाजी. तो लग्नाला नाही म्हटल्यावर खुटबावात काय बोलणं झालं असतं ते सांगायला नको. शिवाय त्यानं एकदा गिरणी सांभाळली होती, तेव्हा नाचणीवर गहू दळून अख्ख्या आळीला तपकिरी चपात्या खाऊ घातल्या होत्या. शेवटी अनितानं ठरवलं, बंद तर बंद. पण सांगूनसवरून बंद. येणाऱ्या प्रत्येकीला ती सांगू लागली, भावाचं लगीन हाय, पुढच्या आठवड्यात गिरणी बंद, दळण काय आसंल ते आधी आणा, मसाला आधी करून न्या.

याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. ज्यांचा मसाला महिन्यानं व्हायचा होता त्याही बायका घाईला आल्या. गिरणीपुढं डब्यांची, पिशव्यांची, पाट्यांची रांग स्टँडपर्यंत गेली. घरोघर मिरच्या भाजायला घेतल्या, खोबरं परतलं, धने-तीळ तव्यावर चढले. त्या आळीला डोळे पुसत हिंडावं लागलं. अनिता सकाळपासून रात्रीपर्यंत उभी. निघायला दोनच दिवस उरले होते, काम निम्म्यावर आलं होतं, आणि ऐन दुपारी मोठा आवाज झाला. मुसळं वरच्या वर थांबली.

आळीचा डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता.

वायरमन आला, वर बघून मान हलवली आणि म्हणाला, नवा बसायला दोन-तीन दिवस तरी धरा. रांगेतल्या बायका आपापल्या पाट्या चाचपू लागल्या. दळण थांबतं, गव्हाला काही होत नाही. पण भाजलेली मिरची थांबत नाही. ती सादळते, मऊ पडते, आणि मग मुसळाखाली तिचा मसाला होत नाही, नुसता लगदा होतो. रांगेत सगळ्यांत पुढं चांगुणा मावशी बसली होती. वर्षाचा मसाला करून मुंबईच्या लेकींना पाठवणारी, तोंडानं फटकळ. तिनं आपल्या पाटीवर पदर पांघरला आणि अनिताकडं नुसतं बघितलं.

अनिता आत जाऊन पिठाच्या पोत्यावर बसली. रडायला वेळ नव्हता, म्हणून ती पाणी प्यायली. गावात दुसरं कांडप एकच होतं, आणि त्या टोकाचा डीपी वेगळा होता. हे तिला माहीत होतं, बाहेरच्या सगळ्या बायकांनाही माहीत होतं; पण तिच्या तोंडावर ते नाव काढायला कुणी धजत नव्हतं. अनितानं मच्छिंद्रला फोन करून शेजारचा दुधाचा टेम्पो सांगायला लावला. बाहेर आली आणि स्वतःच पाट्या उचलू लागली.

"कुठं निघालीस?" चांगुणा मावशीनं विचारलं.

"हरिबा भावजींकडं."

"आगं, आपल्या हातानं गिऱ्हाईक नेऊन घालतीस व्हय त्येच्या दारात?"

"तुमची मिर्ची सादळंल त्येचं काय, मावशी? बसा म्होरं."

मावशी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली. बाकीच्या मागं पाट्या धरून उभ्या राहिल्या. वरात निघाली.

हरिबाच्या दारात टेम्पो थांबला तेव्हा तो चाळण झाडत होता. त्यानं आधी टेम्पो पाहिला, मग बायका, मग अनिता. त्याला वाटलं भांडायला आलेत. तसं त्यानं पुढं कितीतरी जणांना हसत हसत सांगितलं. अनितानं काय झालं ते सरळ सांगितलं. डीपी जळाला, मिरच्या भाजलेल्या, मला परवा माहेरी जायचंय. तुम्ही करून द्या, कांडपाचं काय होईल ते तुमचं तुम्ही घ्या.

हरिबानं हातातली चाळण खाली ठेवली. बोलली ती म्हाळसा. आतून आली, हात पुसले, अनिताच्या हातातली पाटी घेतली आणि म्हणाली, "ताई, आधी बसा. किती दिवसांनी आलाय." खरं तर अनिता त्या दारात पहिल्यांदाच आली होती.

त्या दुपारी दोघींनी मिळून काम उपसलं. हरिबाचं कांडप लहान होतं, त्यामुळं वेळ लागत होता. म्हाळसा भरायची, अनिता चाळायची. बोलता बोलता निघालं की हरिबा-म्हाळसा या दोघांनीही गिरणी टाकल्यापासून गाव सोडलं नव्हतं. म्हाळसाच्या भाच्याचं बारसं चुकलं होतं. हरिबा तर दर वर्षी हळहळायचा. दिवाळीनंतर त्याचा थोरला भाऊ मेंढरं घेऊन कोकणाकडं निघतो. लहानपणी हरिबा त्या वाटेनं चालत गेलेला. चार दिवस तरी भावासोबत चालावं असं त्याच्या मनात असायचं, पण गिरणी कुणावर टाकणार? "गिऱ्हाईक तुमच्याकडं जाईल ह्येचं भ्या," म्हाळसा म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

अनिताच्या हातातली चाळण थांबली. आपण रात्री ज्या भीतीनं कूस बदलतो, तीच भीती गावाच्या या टोकालाही जागी असते, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तीही हसायला लागली. मिरचीनं दोघींच्या डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं, त्यामुळं कुणाचं हसणं कुठं संपलं ते कळलं नाही.

निघताना अनितानं कमरेची किल्ली काढली आणि हरिबापुढं धरली. डीपी बसला की माझ्याकडचं मोठं कांडप चालवा, दोन्हीकडं गिऱ्हाईक घ्या, मी नसताना माणसं ताटकळायला नकोत. पैशाचं बोलू लागली तेव्हा हरिबा पहिल्यांदा तोंड उघडून बोलला.

"पैसं ऱ्हाऊ द्या, वैनी. दिवाळी झाल्यावर चार दिवस द्या मला."

"दिलं," अनिता म्हणाली.

मच्छिंद्रनं घरी आल्यावर किल्लीचं ऐकलं आणि जेवता जेवता थांबला. असं कुणी करतं का, म्हणाला. अनिता म्हणाली, आजपर्यंत नव्हतं केलं म्हणून तर आई मला पोस्टमन म्हणते. त्यानं भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

दोन दिवसांनी ती कपड्यांची बॅग घेऊन खुटबावात उतरली. सरूबाईनं आधी बॅग हातात घेऊन तिचं वजन बघितलं, आणि ती जड आहे म्हटल्यावर लेकीच्या गालावरून बोटं ओवाळून मोडली. अनिता त्या दिवशी दुपारी जी झोपली ती चहाला हलवून उठवावी लागली. उठल्यावर तिला वाटलं मोटार बंद पडली, म्हणून ती दचकून उठून बसली. मग लिंबाच्या झाडावरचा कावळा ऐकला आणि परत आडवी झाली.

हळद दळायची वेळ आली तेव्हा अंगणात सजवलेलं जातं मांडलं. सुवासिनी बसल्या, आणि पहिला खुंटा धरायचा मान करवलीचा. अनिता बसली तशी थोरला भाऊ दत्ता लांबून म्हणाला, "सुट्टी घिऊन आली आन् हितं बी दळणच." सगळं अंगण हसलं. पण जात्यावर तिचा हात असा काही बसला की म्हाताऱ्या बायका गाणं थांबवून बघत राहिल्या. या दळणाला ना वीज लागत होती, ना कुणाचा डबा पुढं होता. पिवळी भुकटी जात्याभोवती सांडत राहिली. इतक्या वर्षांत दळताना तिला असं निवांत कधी वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पप्पूला हळद लागत होती. हलगी वाजत होती, नवरदेव नखशिखान्त पिवळा झालेला, आणि दत्ताची मुलगी प्रगती अनिताचा फोन घेऊन पळत आली. "आत्या, गावाकडनं फोन. बघायचा फोन हाय."

पडद्यावर म्हाळसा होती, चेहऱ्यावर मिरचीचा लाल थर. मागं रांग दिसत होती. आदल्या संध्याकाळी नवा डीपी बसला होता, सकाळपासून मोठं कांडप सुरू होतं, आणि आता त्याचा पट्टा तुटला होता. हरिबा स्वतःच्या गिरणीवर अडकला होता.

 अनिता तशीच हळदीच्या हातांनी उठली आणि दत्ताला गाडी काढायला सांगू लागली. फोनमधून म्हाळसानं ते ऐकलं.

"ताई, तुम्ही आलात तर मी शटरच खाली ओढीन," म्हाळसा म्हणाली. "एकुलत्या एक करवलीनं हळदीतनं उठायचं आसतं व्हय? नुसतं सांगा, दुसरा पट्टा कुठं ठिवलाय."

अनिता खाली बसली. प्रगतीनं फोन तिच्या तोंडापुढं धरला. हातांना हळद असल्यानं अनिता मानेनं आणि भुवयांनी दाखवू लागली: आधी मेन खाली करा. आता दाराच्या मागं बघा, खुंटीला गोणपाट, त्याच्या आत. तो न्हवं, रुंद घ्या. आधी मोटारीच्या पुलीवर घाला, मग मोठं चाक हातानं फिरवत चढवा. बोटं सांभाळा. हळदीला आलेल्या बायका एक एक करून प्रगतीच्या मागं गोळा झाल्या. पप्पू पाटावर बसून मान लांब करू लागला, कारण त्याला हळद लावायला कुणी उरलंच नव्हतं. तिकडं चांगुणा मावशी मध्येच पडद्यात डोकावली आणि म्हणाली, हिचं कांडप जरा जाडं निघतंय, पण बाई मनानं बरी हाय.

म्हाळसानं पट्टा चढवला. मेन वर केला. क्षणभर नुसती घरघर, आणि मग धाड, धाड, धाड.

मांडवात बायकांनी टाळ्या वाजवल्या. हलगीवाला इतका वेळ हात थांबवून ऐकत होता. त्यानं मुसळांचा तोच ठेका उचलला. कुणी आधी पाय टाकला ते सांगता येत नाही, पण सरूबाई नाचली हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. अनिताही नाचली. फोन चालूच राहिला होता, आणि न्हावऱ्यात कांडपासमोर रांगेतल्या बायका खुटबावची हळद बघत उभ्या होत्या.

लग्न व्यवस्थित लागलं. करवली म्हणून अनिता कऱ्हा घेऊन नवरदेवाच्या मागं दिवसभर मिरवली. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर दोघी नणंद-भावजया ओट्यावर बसल्या, तेव्हा अनुपमानं हळूच विचारलं, "वन्सं, तुम्ही गिरणी कशी काय सोडून आलात? मला तर लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत दुसऱ्या नवऱ्या सजवायला लागल्या. आता आठवडाभर बंद ठेवलंय, तर जीव टांगणीला लागलाय."

अनितानं विचारलं, वरवंडात दुसरं पार्लर कुणाचं?

अनुपमानं नाक मुरडलं आणि हायवेच्या पलीकडल्या बाजूला राहणाऱ्या एका पूनमचं नाव घेतलं. आम्ही बोलत नाही, म्हणाली.

"मग एकदा चहाला जा तिच्याकडं," अनिता म्हणाली. "पाटी घिऊन न्हाई गेलीस तरी चालंल."

पाटीचा अर्थ अनुपमाला पुढं अर्धा तास सांगावा लागला.

न्हावऱ्याला परतल्यावर अनितानं पाहिलं, गिरणी झाडलेली होती, दगडाला टाकी घातलेली होती, आणि जमा झालेलं सगळं एका डब्यात ठेवून म्हाळसानं वर झाकण लावलं होतं. काही गिऱ्हाइकं तिकडं वळली ती तिकडंच राहिली. मळ्याच्या वस्तीला ते जवळ पडत होतं. तशीच हरिबाकडची काही जणं इकडं येऊ लागली. पहिले काही दिवस अनितानं कोण आलं, कोण आलं नाही याचा मनात हिशेब ठेवला. मग कंटाळून सोडून दिला.

दिवाळीनंतर हरिबा निघाला. डोक्याला नवा फेटा, खांद्याला घोंगडी, आणि गिरणीवाल्याच्या पायात भावानं दिलेल्या जुन्या वहाणा. म्हाळसा पोरांसाठी घरी थांबली होती, तेव्हा सकाळी तिकडं आणि दुपारी इकडं असं दोघींनी वाटून घेतलं. मच्छिंद्रनं सुट्टीच्या दिवशी येऊन बाजरी दळून दाखवली. या वेळी काही मिसळलं नाही. चार दिवस संपायला आले तेव्हा घाटमाथ्यावरून हरिबाचा फोन आला. मागं मेंढरांचा कालवा, वाऱ्याचा आवाज. बराच वेळ तो हवापाण्याचंच बोलत राहिला.

अनितानं त्याला मध्येच थांबवलं. "भावजी, खाली उतरायचंय का?"

"व्हय," हरिबा म्हणाला. "समोर दिसतंय समदं कोकण."

"मग उतरा."

तो आठवडाभरानं आला तो काळाकुट्ट होऊन, आणि दोन्ही घरांना पुरतील एवढी नाचणी घेऊन. ती दळायचं काम मच्छिंद्रला कुणी दिलं नाही.

आता दोघांनी ठरवूनच टाकलं आहे. महिन्यातून दोन सोमवार अनिताची गिरणी बंद, दोन सोमवार हरिबाची. दारावर तशी पाटी आहे आणि तिच्यावर दुसऱ्या गिरणीची वाटही लिहिली आहे. सरूबाईची तक्रार बदलली आहे. ती म्हणते, आता ही सारखीच येती, हिच्यासाठी रोज काय करायचं? वरवंडात अनुपमानं चहाचं अजून जमवलेलं नाही, पण पूनमशी रस्त्यात हसण्यापर्यंत मजल गेली आहे.

परवा दुपारी शेजारच्या गावचा एक गिरणीवाला अनिताच्या दारात येऊन बाकावर बसला. पाणी प्याला, पावसाचं बोलला, गव्हाच्या भावाचं बोलला. उठायचं नाव घेईना. शेवटी चहा आला तेव्हा कपात बघत म्हणाला, मेव्हण्याचं लगीन काढलंय, जरा लांब हाय, सोलापूरकडं.

अनितानं हात झटकले, त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "मोटार किती हॉर्सपॉवरची हाय तुमची?"